टॅलेंट स्कॉलरशिपचा अर्ज: कोल्हापुरातले आईबाप विचारतात ते प्रश्न

आधी माझं थोडक्यात सांगते. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. दोन पोरं, थोरली फुटबॉलची गोलकीपर, धाकटा तबला वाजवतो. थोरलीला सहावीतून सातवीत जाताना डोंगरावरच्या एका निवासी शाळेची स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली, धाकट्याला पहिल्या वर्षी मिळाली नाही आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच शाळेत मिळाली. तेव्हापासून रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कोणतरी थांबवून विचारतंय, वहिनी फॉर्म कधी सुटतो, ताई शंभर टक्के देतात का, आणि मग आमचा फिरायचा टाइम उभ्याउभ्याच संपतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

टॅलेंट स्कॉलरशिप म्हणजे नक्की काय? आरटीई, शिष्यवृत्ती परीक्षा आणि हे सगळं एकच का?

नाही हो, तिन्ही खाती वेगळी आहेत. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे, २५ टक्के राखीव जागा म्हणजे सुरुवातीच्या वर्गाला ऑनलाइन अर्ज आणि लॉटरी, तिथं तुमचं पोर गातंय का पळतंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. शिष्यवृत्ती परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते आणि पैसे सरकार देतं. टॅलेंट स्कॉलरशिप म्हणजे खाजगी विनाअनुदानित शाळा स्वतःच्याच फीमधे सूट देते, अभ्यासाला, खेळाला, गाण्याबजावण्याला, चित्रकलेला, कुठं कुठं नाटकालाही. तुमच्या हातात एक रुपया येत नाही, फक्त पावतीवरचा आकडा कमी होतो.

आणि शाळा हे का करते, तर तिला टीम पाहिजे, गॅदरिंगला गाणारी पाहिजेत, गेटवरच्या फ्लेक्सवर फोटो पाहिजे. यात वाईट काही नाही. आपल्या गावाला हे नवीन पण नाही, शाहू महाराजांनी पैलवानांना आणि गवयांना जवळ केलं, १९०१ पासून पोरांसाठी बोर्डिंगं काढली, १९१२ ला खासबाग मैदान उभं राहिलं, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. फरक एवढाच की तो राजाश्रय होता आणि हा करार आहे. कराराला अटी असतात, मुदत असते आणि खाली सही असते, पुढची सगळी उत्तरं हे डोक्यात ठेवून वाचा.

१०० टक्के स्कॉलरशिप म्हणजे काहीच भरायचं नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथं माझं रोजचं काम उपयोगी पडतं. पहिलं विचारायचं, कशाच्या शंभर टक्के? बहुतेक वेळा उत्तर येतं "ट्यूशन फीच्या". आता समजा निवासी शाळेचा वर्षाचा एकूण आकडा २,४०,००० आहे. त्यात ट्यूशन फी ९०,०००, हॉस्टेल आणि मेस १,१०,०००, युनिफॉर्म-पुस्तकं-ॲक्टिव्हिटी मिळून २५,०००, आणि डिपॉझिट १५,०००. तुम्हाला ५० टक्के मिळाली म्हणून तुम्ही पेढे वाटले, तर सुटले किती? ४५,०००. भरायचे राहिले १,९५,०००. म्हणजे एकूण रकमेवर सूट पडली एकोणीस टक्क्यांच्याही आत. शंभर टक्के मिळाली तरी दीड लाख तुमच्या खिशातून जाणारच, त्यातलं डिपॉझिट शेवटी परत मिळतं एवढंच.

दुसरं, सूट टक्क्यात आहे का ठरावीक रुपयात? रुपयात असेल आणि फी वाढली तर वाढ सगळी तुमच्यावर. राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठरते आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच राहते, तेव्हा ऑफिसात सरळ मागायचं की मंजूर फीचा कागद दाखवा आणि पुढची वाढ कधी आहे ते सांगा. मागताना लाजायचं नाही. कांदे घेताना आपण किती घासाघीस करतो बघा की.

तिसरं, खेळाचा वरखर्च. स्टड्स, ग्लोव्हज, स्पर्धेचा प्रवास, बाहेरगावी राहणं, हे शाळा देते का आपण? आमच्या थोरलीचे ग्लोव्हज एका सीझनमधे पार सोलून निघतात. ते कुठल्याच ब्रोशरमधे नव्हतं.

अर्ज कितवीला आणि कधी करायचा?

निवासी शाळांची गडबड साधारण दिवाळीनंतर सुरू होते, ट्रायल आणि ऑडिशन डिसेंबर ते मार्चमधे. सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला लागतं, स्टेट बोर्डाचं जूनला, म्हणून मे महिन्यात "आता काय करू" म्हणून फोन केलात तर मी फक्त चहा पाजू शकते. पाचवी ते आठवी हा बरा काळ. सीबीएसईत नववीलाच बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं आणि दहावीला थेट प्रवेश अवघड, त्यामुळे लई उशीर करू नका.

आमच्या पोराचं टॅलेंट पुरेसं आहे का, हे कसं कळणार?

तुम्हाला कळणार नाही. मला पण कळलं नव्हतं. आईबापाला आपलं पोर गल्लीत भारी म्हणजे जगात भारी वाटतं आणि गल्लीतली माणसं पण "नाद खुळा" म्हणून मोकळी होतात. तीन माणसांना विचारा: त्याला शिकवणारे सर, त्याच विषयातला दुसरा कोणीतरी ज्याला तुमच्याकडून फी मिळत नाही, आणि स्वतः पोर. तिसऱ्याला विचारताना प्रश्न असा पाहिजे की कोणी सांगितलं नाही तर तू हे करशील का. आमची थोरली पावसात शाळा बंद असली की सोसायटीच्या पार्किंगमधे भिंतीवर बॉल मारून एकटीच पकडत बसायची, शेजारच्या काकूंनी तीनदा तक्रार केली. धाकट्याचं तसं नव्हतं. त्याला तबला आवडायचा पण रियाजाला बसायला लावावं लागायचं, आणि पहिल्या वर्षी त्याचा अर्ज भरायची हौस खरं सांगायचं तर माझी होती. बहिणीला मिळाली म्हणून याला पण मिळावी, एवढाच विषय.

कोल्हापूरची एक गंमत म्हणजे इथं लेव्हल कळायला लांब जावं लागत नाही. फुटबॉल असेल तर शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीमचे सामने बघायला न्या आणि पोराची नजर कुठं आहे बघा, बॉलकडे का भेळेकडे. गाणं असेल तर देवल क्लब १८८३ पासून आहे, तिथल्या मैफलीत दीड तास पोर बसतंय का बघा. पोहणं, नेमबाजी म्हणाल तर वीरधवल खाडे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही आपल्याच गावची, त्यांनी वर्षानुवर्षं पहाटे उठून काय केलं असेल त्याचा अंदाज पोराला येऊ द्या.

सर्टिफिकेटं किती लागतात?

फाइल जाड असून उपयोग नाही. खेळात वजन असतं ते शालेय क्रीडा स्पर्धांना, म्हणजे १४, १७, १९ वर्षांखालचे गट, जिल्हा मग विभाग मग राज्य अशी चढण. फुटबॉलला सुब्रतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची स्पर्धा. संगीतात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा वगैरे. चित्रकलेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. बाकी "ऑल इंडिया" नाव असलेल्या, पाचशे-हजार फी घेऊन येईल त्याला मेडल देणाऱ्या ज्या स्पर्धा असतात त्या ट्रायल घेणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतात. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पोराची ३४ सर्टिफिकेटं लॅमिनेट करून नेली, कोचनं वरची दोन बघितली, फाइल बंद केली आणि म्हणाले, बूट घाल.

कागदपत्रं कुठली?

जन्मदाखला, आधार, चालू शाळेचा बोनाफाईड, मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं, फोटो, कलेची किंवा खेळाची मोजकी सर्टिफिकेटं, शिकवणाऱ्या सरांचं पत्र. खेळाडूंना वयाचा पुरावा कडक तपासतात आणि तपासावाच, वय चोरायच्या नादाला कृपा करून लागू नका, पोराचं पुढचं सगळं त्यात जातं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र नवीन ठिकाणी प्रवेश लेखी पक्का झाल्याशिवाय काढायचा नाही. लोक घाईत काढतात आणि मग ना इकडचे ना तिकडचे.

आता आमची फजिती. जन्मदाखल्यावर थोरलीचं नाव एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला वडिलांच्या नावातलं "राव" गायब. सहा वर्षं कोणाला दिसलं नाही, ट्रायलच्या टेबलावर पाच मिनिटांत दिसलं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत सगळे कागद एका ओळीत मांडून नाव, जन्मतारीख, आईचं नाव एकेक अक्षर ताडून बघा. मी रोज इनव्हॉइस ताडते आणि पोरीचे कागद ताडले नाहीत, काय बोलणार.

दुसरी फजिती धाकट्याच्या वेळची. काही शाळांत गुण बघतातच पण वर सवलत उत्पन्नावर पण ठरते, त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आम्ही फॉर्मबरोबर फेब्रुवारीत जोडला, कागद तपासायला बोलावलं एप्रिलमधे, आणि एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपलेला. शाळेच्या क्लार्कनं फॉर्म घेताना एक शब्द बोलला नव्हता. परत सेतूत रांग, परत तलाठ्यांची सही, आणि मधे महावीर जयंती, आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या. नुसत्या गुणवत्तेवरची स्कॉलरशिप असेल तर हा दाखला बहुतेक मागत नाहीत, पण विचारून घ्या, आणि लागणार असेल तर "कुठल्या तारखेला चालू असला पाहिजे" हे पण विचारा.

ट्रायलच्या दिवशी नक्की काय बघतात?

हे प्रत्येक विषयाचं वेगळं, मी बघितलं तेवढं सांगते.

फुटबॉल. मी बाहेरून बोटं मोजत होते की पोरीनं किती बॉल अडवले, सात अडवले, तीन गेले. नंतर कोचशी बोलताना कळलं त्यांनी मोजलेच नव्हते. त्यांनी तिसरा गोल खाल्ल्यावर ती काय करते ते बघितलं. तिनं जाळीतून बॉल काढला, लांब लाथ घातली आणि दुप्पट मोठ्या पोरीवर ओरडली, "ए, डावी बाजू धर की!" तिथं तिचं काम झालं म्हणे. बाकी वॉर्मअप, स्प्रिंट, लवचिकता, उंची-वजन हे असतंच. डोंगरावरची मैदानं जांभ्याची, पडलं की कोपर सोलतं, फुल स्लीव्ह न्या. बूट नवे घालू नका, आदल्या आठवड्यात घेतलेल्या बुटानं टाचेला फोड आलेली दोन पोरं मी त्याच दिवशी बघितली.

तबला. धाकट्यानं कायदा (म्हणजे तबल्यातली बांधीव रचना) झकास वाजवला, पलटे म्हणजे त्याच बोलांची उलटापालट घेतली, मी खुश. मग परीक्षक म्हणाले, वाजवू नकोस, झपताल हातावर धर आणि तोंडानं बोल म्हण. दहा मात्रा. सहाव्या मात्रेला "खाली" येते, म्हणजे तिथं टाळी न देता हात मोकळा सोडायचा, तिथं हा टाळी देऊन मोकळा झाला, परत सुरुवात केली, परत तेच. अर्धा कायदा त्यानं व्हिडिओ बघून बसवला होता, बोटं पाठ होती, ताल पाठ नव्हता. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. त्यानंतर वर्षभर त्याच्या गुरुजींनी त्याला आधी पढंत, म्हणजे हातावर ताल धरून तोंडानं बोल म्हणणं, आणि मग तबला असं बसवलं, आणि दुसऱ्या वर्षीच्या ऑडिशनला स्वतःहून म्हणाला, आधी म्हणून दाखवू का? आणखी एक, हवा बदलली की चामडं उतरतं, कोल्हापुरात लावलेला तबला धुक्यात तसा राहत नाही. हातोडी बरोबर पाहिजे आणि तासभर आधी पोचायला पाहिजे.

गाण्याला पण तसंच, तयार बंदिश ऐकतात पण मग एखादी ओळ गाऊन "माझ्यामागून म्हण" म्हणतात, तिथं कान कळतो. स्वतःची पट्टी पोराला माहीत पाहिजे. "सर लावून देतात" हे उत्तर चालत नाही.

चित्रकला. घरून न्यायची चित्रं दहा-बारा पुरे, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं थोडं थोडं पाहिजे आणि सरांनी हात फिरवलेलं एकही नको. माझ्या जावेच्या मुलाच्या वेळी टेबलावर एक जुनी कोल्हापुरी चप्पल ठेवली आणि दीड तास दिला. बाकीच्या पोरांनी छान चकचकीत चप्पल काढली, दुकानात असते तशी. यानं चपलेचे कान, वेणी सगळं काढलंच, पण तळव्यावर अंगठ्याचा आणि टाचेचा जो काळा डाग पडतो तो पण काढला, आणि एक कान घासून मऊ पडून बाहेर झुकलेला होता तो तसाच झुकलेला दाखवला. त्याचे आजोबा तशीच चप्पल घालतात, रोज दारात बघतोय की तो.

अभ्यासात जेमतेम असेल तर?

खेळ-कलेच्या स्कॉलरशिपला पण गणित, इंग्रजीचा एक पेपर बऱ्याच ठिकाणी असतो. पहिला नंबर नको, पण झेपेल एवढं पाहिजे, कारण सराव करून संध्याकाळी सात वाजता डोळे मिटत असताना गृहपाठ तिलाच करायचा असतो. मराठी माध्यमातनं जाणाऱ्या पोरांनी इंग्रजीला आधी वर्षभर तरी हात घालावा. कायद्याचं म्हणाल तर आरटीईच्या कलम १३ प्रमाणे पहिली ते आठवी प्रवेश देताना पोरांची किंवा आईबापाची चाळणी लावता येत नाही, पहिल्या वेळी २५,००० पर्यंत दंड आहे, डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. म्हणून शाळा "प्रवेश वेगळा, स्कॉलरशिपची टेस्ट वेगळी" असं म्हणतात. तुम्ही पण दोन्हीचे कागद वेगळे मागा.

मुलाखतीत काय विचारतात? पोरगं बुजलं तर?

बुजू दे. पाठ केलेली उत्तरं त्याहून वाईट. थोरलीला मॅडमनी विचारलं, तू काय करतेस. ही आपल्या कोल्हापूरच्या पद्धतीनं म्हणाली, "मी गोलकीपर खेळतो." मॅडम पुण्याच्या असाव्यात, हसल्या, म्हणाल्या, खेळतो की खेळते? हिनं विचार केला आणि म्हणाली, "आमच्यात पोरी पण खेळतोच म्हणतात." मी बाहेर कपाळाला हात लावला होता, पण आत म्हणे वातावरण एकदम सैल झालं. भाषा घासून पुसून नेऊ नका, एवढंच सांगणं.

आईबापाला विचारतात ते सरळ असतं: पोर घरापासून लांब राहील का, स्पर्धेमुळे परीक्षा हुकली तर तुमचं म्हणणं काय, आणि स्कॉलरशिप पुढच्या वर्षी नाही मिळाली तर इथंच ठेवाल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आदल्या रात्री नवराबायकोनी बसून ठरवून जा. आमच्यात ह्यांनी "हो" म्हटलं आणि मी "बघू", एकाच वेळी.

वशिला लागतो का?

ट्रायलला बोलावण्यापुरता कुठं कुठं चालत असेल. मैदानात बॉल वशिल्यानं अडत नाही.

"सीट फिक्स करून देतो" म्हणणारा एक माणूस भेटलाय.

फोन ठेवा. फॉर्मची फी शाळेच्या खात्यावर, पावती शाळेच्या नावाची, त्याच्या बाहेर एक रुपया द्यायचा नाही.

निवड झाल्याचं पत्र आलं! आता?

अभिनंदन. आता पेढे बाजूला ठेवा आणि पत्र तीनदा वाचा, तिसऱ्यांदा मोठ्यानं. सगळा खेळ इथं आहे आणि इथंच लोक डोळे झाकून सही करतात.

बघायचं काय, तर सूट एका वर्षाची आहे का शाळा सुटेपर्यंत. एका वर्षाची असेल तर पुढच्या वर्षी कशावर ठरणार, टक्के किती पाहिजेत, हजेरी किती, कोण ठरवणार. पोर मधेच शाळा सोडून गेलं तर मागची सूट परत मागणार का, काही ठिकाणी असं कलम असतं आणि ते बारीक अक्षरात असतं. सुट्टीत कोल्हापुरात येऊन इथल्या टीमकडून खेळायची परवानगी आहे का नाही. कोच सोडून गेले तर त्या खेळाची टीम राहणार का. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण पोरं खूप वेळा शाळेकडे नाही, कोचकडे गेलेली असतात.

आणि दुखापत. थोरलीच्या पत्रात एक ओळ होती, "सलग एक सत्र खेळात सहभाग नसल्यास सवलतीचा आढावा घेण्यात येईल." मी ऑफिसात रोज असल्या ओळी वाचते, "आढावा" म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी सही न करता मेल टाकला, की खेळताना दुखापत झाली आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तर हे कलम लागू नाही असं कृपया कळवावं. हे म्हणाले, कशाला नडतेस, चिडतील आणि काढून घेतील. चार दिवस उत्तर आलं नाही, त्या चार दिवसांत मी घरात खलनायिका. पाचव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं, मान्य आहे म्हणून. आठवीत पोरीचं मनगट मोडलं, प्लास्टर, मग व्यायाम, सगळं मिळून साडेपाच महिने मैदान बंद. ऑफिसातून आढाव्याचा फोन आला तेव्हा मी तो मेल पुढं पाठवला. विषय संपला.

तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही असं मी म्हणत नाही, माणसं चांगली असतात. पण प्रिन्सिपल बदलतात हो, मेल राहतो.

पोरगा एनएमएमएस पास झालाय, ते पैसे चालू राहतील का?

इथं सावध. एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आठवीत होते, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, पण ती सरकारी, स्थानिक संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत गेलात की हक्क जातो. म्हणजे चार वर्षांचे ४८,००० हातातनं जाणार, ते धरून हिशोब करा. तसंच दहावीला खेळाचे, चित्रकलेचे, शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात ती आपल्या स्टेट बोर्डाची सोय आहे, बोर्ड बदलताना हे पण तराजूत टाका. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर ट्यूशन फीची वजावट मिळते ती खरोखर भरलेल्या फीवर, माफ झालेल्या रकमेवर नाही, आमच्या ऑफिसातल्या एकानं दोन वर्षं चुकीची दाखवली होती.

जुन्या शाळेचे सर नाराज झालेत, "आम्ही घडवलं आणि तुम्ही नेलं" म्हणतात.

त्यांचं चुकत नाही. थोरलीला बॉल पकडायला ज्यांनी शिकवलं ते पीटीचे सर महापालिकेच्या शाळेतले, स्वतःच्या पैशानं पोरांना केळी आणायचे. शिफारसपत्र मागायला गेलो तेव्हा दहा मिनिटं काही बोलले नाहीत, मग स्वतःच्या हातानं दीड पान लिहून दिलं, त्यात तिच्या चुका पण लिहिल्या होत्या: उंच बॉलला पुढं यायला घाबरते, डाव्या पायानं किक नाही. ट्रायलच्या कोचना तेच पत्र सगळ्यात जास्त पटलं. अर्ज करायच्या आधी सरांना सांगा, नंतर बाहेरून कळू देऊ नका. आणि सुट्टीत पोर आलं की पहिल्यांदा त्यांच्या मैदानावर पाठवा.

पोर होस्टेलला राहील का?

पहिले दोन महिने नाही राहणार. फोनवर रडेल, तुम्ही पण रडाल, आणि गणपतीला घरी आलं की परत जाताना बॅग भरायला दुपारपासून टाळाटाळ करेल. दिवाळीनंतर तेच पोर फोन घाईत ठेवतं, मग तुम्हालाच वाईट वाटतं. पण दिवाळीनंतर पण तेच चालू असेल, खाणं कमी, वजन कमी, मैदानावर जायला नको, तर घेऊन या. सूट किती मिळते ते तेव्हा मोजायचं नाही.

नाही मिळाली तर?

तर कोल्हापुरातच खेळेल, वाजवेल. खेळच करायचा असेल तर राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी द्या, तिथं राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सरकार बघतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ ला प्रबोधिनीत गेला आणि २०२४ ला पॅरिसहून नेमबाजीचं ब्राँझ घेऊन आला, मधे पंधरा वर्षं गेली हे पण बघा. अभ्यासाचं पोर असेल तर कागलचं नवोदय आहे, प्रवेश सहावीला आणि त्याची परीक्षा पाचवीत असतानाच.

आणि शाळेला फोन करून विचारा की कुठं कमी पडलं. सगळे सांगत नाहीत पण धाकट्याच्या वेळी परीक्षकांनी स्वतः फोन घेतला आणि सांगितलं, हात चांगला आहे, ताल पक्का करा. पोराला स्पीकरवर ऐकवलं. माझ्या तोंडून ऐकलं असतं तर भांडला असता.

ट्रायलच्या दिवशी सकाळी खायला काय द्यायचं?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, घाटातल्या वळणांवर निम्म्या पोरांचं पोट इथंच बिघडतं. दोन तास आधी पोळी-भाजी नाहीतर पोहे, केळं, पाणी घोट घोट. दूध नको, नवीन एनर्जी ड्रिंक तर अजिबात नको. आणि जाताना वाटेत "फक्त एक प्लेट" म्हणून मिसळीला गाडी थांबवायची नाही, ह्यांना मी दोनदा अडवलंय. मिसळ येताना. तेव्हा ट्रायल कशी झाली ते विचारू नका, जादा कट पाहिजे का एवढंच विचारा.